एका बाकावर एक साहेब

सदफ मॅडमनं फळ्यावर नायट्रोजनच्या इलेक्ट्रॉनसाठी तीन चौकटी आखल्या आणि घसा खाकरला. सकाळचे तास घेऊनच आवाज बसला होता, त्यात आता हा डेमो. रसायनशास्त्राची कायमची जागा एकच होती. तासिकेवर राबून राबून बाई पार कंटाळून गेली होती. यंदा नाही लागलं तर परत डेमो द्यायचा नाही, असं तिनं घरून निघतानाच नवऱ्याला, जावेदला, बजावलं होतं.

संस्थेचे अध्यक्ष साहेबराव दोन संचालकांना घेऊन ऐकायला आले होते. अकरावीचा वर्ग भरलेला होता. चिठ्ठीत विषय निघाला होता, अणूत इलेक्ट्रॉन कसे भरतात. पाठच होता तो तिला. तिनं दरवर्षीचंच उदाहरण काढलं.

“एसटीत चढलात. सगळ्या सीटा रिकाम्या, एकीवर फक्त कुणीतरी बसलंय. कुठं बसाल?”

“रिकाम्या सीटवर!” पोरं ओरडली. दरवर्षी पोरंच ओरडायची, आणि मॅडम “शाब्बास, इलेक्ट्रॉनपण तसाच” म्हणून पुढं सरकायची.

यंदा मात्र सृष्टीनं हात वर केला. गंगापूरकडची, मेंढरं राखणाऱ्या घरातली पोरगी. एरवी वर्गात तोंड उघडायची नाही.

“मॅडम, बाई बसली असंल तर तिच्याशेजारी. रिकाम्या सीटवर कशाला बसायचं? मागून कोण येऊन बसंल, काय माहीत!”

पोरं फिदीफिदी हसली. अध्यक्षांनी घड्याळाकडं पाहिलं.

“चूक” म्हणायचं आणि पुढं जायचं, एवढंच काम होतं. शब्द ओठावर आलाही होता. पण त्याच सकाळी, अर्ध्या रिकाम्या एसटीत, सदफ स्वतः एका म्हातारीच्या गाठोड्याला खेटून, अंग चोरून आली होती. रोजच यायची, आणि वर्गात उलटंच सांगायची. तिला स्वतःचाच राग आला.

“रिकाम्या सीटवर एकटी बसणाऱ्या पोरींनी हात वर करा,” ती म्हणाली. एकही हात वर गेला नाही.

“मग एसटी राहू द्या.”

म्हणाली खरी, पण आता दुसरं उदाहरण आणायचं कुठून? डोकं चालेना. तिनं वर्गावर नजर टाकली. मागं पोरी एकेका बाकावर चौघी चौघी कोंबून बसल्या होत्या. पुढचे तीन बाक पाहुण्यांसाठी पुसून ठेवलेले. त्यांवर एकेक साहेब, ऐसपैस, शेजारच्या जागेवर रुमाल टाकून.

“हे बघा,” सदफ म्हणाली. “तीन बाक, तिन्ही सारखेच. साहेबही तीन. कुणी कुणाला खेटून बसलंय का? इलेक्ट्रॉन असाच बसतो. आधी एकेकानं एकेक जागा धरायची. तिघांचा हा नायट्रोजन.”

एका संचालकानं हळूच रुमाल उचलला. तेवढ्यात प्राचार्य “सॉरी, सॉरी” करत आत आले आणि तिथंच थबकले. कुणाशेजारी बसायचं? अख्खा वर्ग त्यांच्याकडं बघत होता.

“आता जोडी लागंल मॅडम!” सृष्टी ओरडली.

प्राचार्य मुकाट्यानं कडेच्या संचालकांशेजारी टेकले, निम्मे बाहेरच.

“चौथा आला, जोडी लागली. हा झाला ऑक्सिजन,” सदफ म्हणाली.

वर्ग खो खो हसत सुटला. अध्यक्षांनाही हसू आवरेना. सदफला वाटलं, लई दिवसांनी आज शिकवलं. आणि वाटलं, यंदा होतंय.

चहापाणी झाल्यावर प्राचार्यांनी तिला ऑफिसात बोलावलं, खुर्ची दिली.

“मॅडम, शिकवणं एक नंबर. साहेब तर लई खूश. पण जागा रामेश्वर सरांना दिलीय. ते आधीच ठरलेलं होतं, तुम्हाला काय सांगायचं. तुमच्या तासिका चालू राहतील. पुढच्या वर्षी बघू.”

रामेश्वर सरांचा डेमो तिच्याआधी झाला होता. सुरू झाला कधी आणि संपला कधी, पोरांनाही कळलं नव्हतं. पुढच्या वर्षी नको, असं म्हणायचं सदफनं ठरवलं होतं. तोंडातून आलं, “जी, सर.”

व्हरांड्यात रामेश्वर सर तिचीच वाट बघत उभे होते. तरणं पोरगं, चेहरा ओशाळलेला.

“मॅडम, मी दारातून तुमचा डेमो बघितला. उद्यापासून अकरावी मला दिलीय. ते साहेबांचं उदाहरण मी वापरलं तर चालंल का?”

“वापरा की, सर,” सदफ पर्स खांद्याला अडकवत म्हणाली. “पण त्याला समोर साहेब बसलेले लागतात. आणि साहेब फक्त डेमोलाच येतात. तुम्हाला आता कुठं डेमो द्यायचाय?”