मागितलेले पाय

परांचीवरून पडून गवंड्याचे दोन्ही पाय लुळे पडले, त्याला वर्ष झालं. तरी त्याचा चर्चचा एकही रविवार चुकला नाही. देवावर काडीचाही विश्वास नसलेला धाकटा भाऊ त्याला पाठुंगळी घेऊन तीन मजले उतरायचा आणि पायरीगणिक टोमणे मारायचा.

“दादा, तुझा येशू लंगड्यांना चालवायचा म्हणे. त्याला आपल्या घराचा पत्ता सापडेना वाटतं!”

गवंड्याने त्याच्या गळ्याभोवतीचे हात जरा घट्ट केले.

“वर्षभर प्रार्थना करतोयस. पदरात काय पडलं?”

चर्चमध्ये भावाने त्याला अलगद बाकावर टेकवलं आणि धापा टाकत घाम पुसला.

गवंडी हसला. “पाय मागितले होते रे. पहिल्याच आठवड्यात मिळाले. फक्त फार बडबड करतात.”