दुसरा दोर

"आज चिंतन कुणाचं?" मुकादमानं विचारलं आणि लगेच जीभ चावली. पाळी ताईची होती. आणि लंबू आजच कामावर परतला होता.

उंच इमारतीच्या गच्चीवर काचा पुसणारी टोळी गोल करून उभी होती. कठड्यापलीकडे उतरण्याआधी सगळ्यांनी दोरावर हात ठेवायचा आणि ज्याची पाळी त्यानं दोन चांगले शब्द बोलायचे, हेच त्यांचं रोजचं चिंतन. कुणी अल्लाचं नाव घेई, कुणी हरीचं, कुणी छातीवर क्रूस काढून रविवारी ऐकलेलं सांगे. एक बहाद्दर देवबिव काही मानत नसे. तो एवढंच म्हणायचा, "कठड्यावरच्या मुंग्या आधी बाजूला करा, मग दोर टाका." त्यालाही सगळे मनापासून माना डोलवायचे.

खाली उतरणाऱ्याला दोन दोर. एक लोखंडी खांबाला बांधलेला, दुसरा वर थांबलेल्या सोबत्याच्या हातात. खांबानं दगा दिला तर माणसाचा आधार. ताईचा धाकटा भाऊ उतरला तेव्हा दुसरा दोर लंबूच्या हातात होता. दोघं जिवलग, ताईच्या आईनं दिलेल्या एकाच डब्यात जेवणारे. खांबाची कडी तुटली आणि नेमका त्याच क्षणी लंबूनं पाण्याच्या बाटलीला हात घातला होता. एका हातानं काय होणार? दोर तळव्याची सालं काढत निघून गेला. बस, एवढंच. एवढ्यात एक उमदा पोरगा संपला.

तेव्हापासून लंबूनं अंथरूण धरलं होतं. जेवेना, बोलेना. बायकोनं हातापाया पडून त्याला आज धाडला होता. मुकादमानं त्याला स्पष्टच सांगितलं होतं, "ताई हो म्हणाली तर राहा. नाही म्हणाली तर मी तरी काय करू, बाबा?" आता तो बादल्यांपाशी मान खाली घालून उभा होता. गोलात यायची त्याची छाती होईना.

सगळे ताईकडे पाहू लागले. ताईची जीभ मोठी तिखट. तिनं त्याला सगळ्यांदेखत फाडून खाल्लं असतं तरी कुणी तिला बोल लावला नसता. खरं सांगायचं तर दोघातिघांना तेच हवं होतं.

ताईनं दोरावरचा हात काढला.

"मला काही बोलायला सुचत नाही," ती म्हणाली.

भाऊ गेल्यापासून तिनं कठडा ओलांडला नव्हता. वर थांबून इतरांच्या गाठी तपासायची, तेवढंच. आज तिनं कमरेचा पट्टा आवळला. एक दोर खांबाला बांधला, ओढून पाहिला, पुन्हा ओढून पाहिला. दुसऱ्या दोराचं टोक घेऊन ती थेट बादल्यांपाशी गेली.

"धर."

लंबूनं हात पाठीमागे लपवले. "नको गं ताई. माझे हात थरथरतात."

"थरथरू देत. दोन्ही हातांनी धर."

त्यानं धरला. ती उलट्या पावलांनी कठड्याकडे सरकू लागली, नजर त्याच्यावरच ठेवून. वारा सुटला होता. एरवी सतत चेष्टामस्करी करणारी ती टोळी आज नुसती त्या दोराकडे बघत होती. देव न मानणाऱ्यानं हात जोडले होते आणि ते त्याचं त्यालाच ठाऊक नव्हतं. असं काही आपल्या डोळ्यांना बघायला मिळेल, असं त्यांच्यापैकी कुणाला स्वप्नातही वाटलं नव्हतं.

ती कठड्यावर चढली तेव्हा मात्र मुकादमाचा धीर सुटला.

"अगं, वेड लागलं का तुला? आईला आता तू एकटीच उरलीस! त्या माउलीला मी काय तोंड दाखवू?"

ताई मागे रेलली. दोर ताठ झाला. लंबूनं पाय रोवले.

"तिनंच पाठवलंय मला," ताई म्हणाली. "म्हणाली, एक पोर पडलं माझं. हे दुसरंही पडायला लागलंय, जा, त्याला धर."