दीड टन

एसी किती टनाचा लावायचा हे ठरवण्याआधी आमेर खोलीतली माणसं मोजायचा.

"इथं कोण झोपतं, काकू?"

"मी एकलीच. ह्यांना जाऊन वरीस झालं," सत्यशीलाकाकू म्हणाल्या.

एकट्या बाईला एक टन पुष्कळ. त्यानं तोच बसवला. पडद्यापलीकडं अंबाजोगाईचं दुपारचं ऊन पांढरं होत गेलं, भिंती गार पडल्या. खोली मात्र निवेना.

वारा कुठं अडतोय बघायला त्यानं पलंगावर हात फिरवला. काकूंची बाजू गार होती. दुसरी कोमट, आत्ताच कुणी कूस बदलल्यासारखी.

"काकू, दीड टनाचा लागंल."

"कावून?"

त्याचा हात तिथंच राहिला. काकूंनी हाताकडं पाहिलं.

"बंद कर, बाबा. ह्यांना गार सोसत न्हाई."

तो हात उचलणार, तेवढ्यात ऊब हळूच पलीकडं सरकली, त्याला बसायला जागा करून दिल्यासारखी.