हाताला गुण

"तो प्रायर म्हणून कोणी होता, तो अजून आहे का गं, मावशी?"

मोटार रोझीनच्या आजोळच्या तळ्याकाठी उभी होती. ब्रीडामावशी समोरचं बेट दाखवत होती. रोझीनचे आजोबा तिथवर पोहत जायचे आणि एकदा परत येऊन बघतात तर काठावरची विजार गाय चघळत उभी. मावशीचा मुलगा डोनल गोष्ट संपायच्या आधीच हसायला लागला होता. रोझीनच्या प्रश्नाने दोघंही थांबले.

"आहे की," मावशी म्हणाली. "तुला कोणी सांगितलं?"

"आई म्हणायची. फेफऱ्यावर त्याच्या हाताला गुण आहे म्हणून."

"घ्या!" डोनल म्हणाला. "आणि आम्ही चार दिवस जीभ चावून बसलोय. ही प्रयोगशाळेतली बाई, हिच्यापुढे प्रायरचं नाव काढलं तर पुढच्या विमानाने परत जाईल म्हणून."

रोझीनने शेजारी बघितलं. मागच्या सीटवर तिची मुलगी टेस काचेला जीभ लावून बसली होती. सात वर्षांची. कॅनडाहून निघताना तिच्यापाशी अकरा शब्द होते. परवा पहाटे मोठी फिट आली, त्यानंतर नऊ. रोझीन ते वहीत लिहून ठेवायची. एखादा शब्द ऐकू आला नाही, तर दोन दिवस वाट बघून मगच त्याच्यावर रेघ मारायची. टोरांटोच्या डॉक्टरांनी चौथं औषध बंद केलं, तेव्हा पाचव्याचं नाव सांगितलं नव्हतं.

"चल मग," मावशी म्हणाली. "सोमवार आहे आज. सोमवारी आणि गुरुवारीच गुण देतो तो."

डोनलने मोटार वळवली. आता कोणी काही दाखवेना. चर्च गेलं, आजोबांची शाळा गेली, तिच्या छपरातून वर आलेलं झाड गेलं. रोझीन टेसची डावी पापणी बघत होती. फिट तिथून सुरू व्हायची.

"माझा विश्वास नसला तर?" तिने विचारलं.

"नसू दे. तो गाईंनाही देतो," डोनल म्हणाला. "त्यांचा कुठे असतो?"

मावशी हसली नाही. ती सीटवरून पूर्ण मागे वळली. "हे बघ, एकच सांगते. पैसे पुढे करायचे नाहीत. आणि आभार मानायचे नाहीत, थँक्यू म्हणायचं नाही. तू नाही, पोरीने नाही, कोणीच नाही. तो शब्द तोंडातून निघाला की गुण गेला. दुसऱ्यांदा मागता येत नाही."

"एवढंच ना?"

"एवढंच म्हणतात सगळे. आमची शेजारीण नवऱ्याची नागीण घेऊन आली. सगळं नीट झालं आणि निघताना फाटकात सवयीने बोलून गेली. भोगतोय बिचारा अजून."

प्रायर मेंढवाड्यात मेंढ्यांना जंतांचं औषध पाजत होता. सत्तरीचा, गुडघ्यापर्यंत रबरी बूट. मावशीने तोंड उघडायच्या आधीच त्याने टेसकडे बघितलं, हातातली नळी खाली ठेवली आणि हात पँटला पुसले.

"कधीपासून?"

"तीन वर्षं," रोझीन म्हणाली. "आठवड्याला चार ते पाच, त्यातल्या दोन मोठ्या. प्रत्येक मोठीनंतर शब्द जातात. चार औषधं झाली, शेवटच्याचा डोस होता..."

"ते नको मला, पोरी. हिचं नाव सांग."

"टेस."

त्याने एक हात टेसच्या टाळूवर ठेवला, दुसरा हनुवटीखाली, आणि डोळे मिटले. ओठ हलत होते, आवाज नव्हता. एक मेंढी खोकली. रोझीनने सवयीने घड्याळ लावलं. चाळीस सेकंद. साठ. ऐंशीव्या सेकंदाला टेसची डावी पापणी फडफडली. रोझीन पुढे झाली. पापणी थांबली.

एकदा थांबली म्हणून काही सिद्ध होत नाही. एका नमुन्यावरून निष्कर्ष काढणाऱ्या पोरांना तिने वर्गाबाहेर काढलं होतं. पण आता तिच्या मुठी वळल्या होत्या आणि मनात एकच चाललं होतं. लागू पडू दे. कशाने का होईना, लागू पडू दे.

"झालं," प्रायरने हात काढले.

मावशीने डोळ्यांनीच दटावलं. रोझीनने दात दाबून धरले. डोनल जमिनीकडे बघत उभा राहिला.

टेस कुंपणाच्या तारेकडे बघत होती. तिथे लोकरीचा पुंजका अडकला होता, वाऱ्याने हलत होता. प्रायरने तो सोडवला आणि तिच्या हातात दिला.

टेसने पुंजका छातीशी धरला. मग मान वर करून त्याच्या तोंडाकडे बघितलं. तिच्या जिभेचं टोक दातांच्या मध्ये आलं.

हे तोंड रोझीनला पाठ होतं. आरशापुढे बसून तिनेच ते शिकवलं होतं, पुन्हा पुन्हा. पाण्याचा पेला पुढे करायचा आणि तो आवाज येईपर्यंत सोडायचा नाही. नवांतला सगळ्यात अवघड शब्द, कोणी काही दिलं की म्हणायचा. दोन महिने लागले होते.

तिने झेप घेतली आणि मुलीच्या तोंडावर हात दाबला.

प्रायर मेंढ्यांकडे वळला होता. "चला, चला," डोनल पुटपुटला. रोझीनने एका हाताने टेसला उचललं आणि चिखलातून फाटकाकडे निघाली. टेसने हिसका दिला नाही, ती रडलीही नाही. जमलं नाही की पुन्हा म्हणायचं, हे तिला शिकवलेलं होतं. रोझीनच्या तळव्याखाली तिचे ओठ सावकाश हलले. पहिला अर्धा. जरा थांबून दुसरा.

फाटक अजून वीस पावलं होतं. रोझीनने हात आणखी घट्ट दाबला.