तोंडातलं सोनं

सोनं वितळत असताना नजर हटवायची नाही, हे कोळणीला कुणी शिकवावं लागत नाही. साकीनाक्याच्या दातांच्या लॅबमध्ये मथुराबाई स्टुलावर ठाण मांडून बसली होती. गिरणी संपात बुडाल्यावर इथे लागलेल्या लवूने यंत्राच्या हातावरच्या मुशीत तिच्या नवऱ्याची अंगठी वितळवली. खिट्टी सुटली की यंत्राचा हात गरगरणार आणि त्या झोक्याने सोनं तिच्या दातावर बसवायच्या टोपणाच्या साच्यात शिरणार. तेवढ्यात दोन्ही मुलगे धावत आले. “आये, थांब! अंगठी आमच्या वाटणीची!” थोरला ओरडला. “वाटणी? बाप सरणावर होता, तोंडात सोन्याचा कण घालायचा होता. तू धाकट्याकडे बघितलंस, धाकट्याने तुझ्याकडे. शेवटी तुळशीच्या पानावर भागवलंत, मेल्यांनो! माझ्या तोंडातलं सोनं मी जितेपणीच घालून ठेवते!” तिने स्वतःच खिट्टी सोडली. यंत्र गरगरलं. बापाला अग्नी देताना कोरडे राहिलेले थोरल्याचे डोळे आत्ता मात्र भरून आले.