बत्तिसावं गाव

"एकतीस नाही, बत्तीस," एर्दाल म्हणाला आणि त्याने वस्तरा खाली ठेवला.

शशिकांतरावांचा डावा गाल झाला होता, उजव्या गालावर फेस तसाच होता. अशा अवस्थेत माणसाने वाद घालू नये, पण नागपूरच्या शाळेत पस्तीस वर्षं भूगोल शिकवलेल्या माणसाला हे सांगणार कोण? आयर्लंडमधल्या स्वोर्ड्सला मुलाकडे येऊन त्यांना तीन महिने झाले होते. दिवसभर घरात कोणी नाही, म्हणून मराठीतल्या एका ऑनलाइन ज्ञानकोशासाठी ते तुर्कस्तानातल्या तालुक्यांच्या नोंदी लिहीत. मागच्या खेपेला या तुर्की न्हाव्याने आपल्या तालुक्याचं नाव कायादेरे म्हणून सांगितलं, आणि यांनी आठवड्याभरात त्याचा इतिहास-भूगोल लिहून काढला. आज मोठ्या हौसेने ती नोंद फोनवर बघत त्याला इंग्रजीत सांगत होते. शाबासकी राहिली बाजूला, हा गडी चुका काढत बसला.

नदी पूर्वेकडून येते म्हटलं, तर म्हणाला ईशान्येकडून. बाजार मंगळवारी भरतो म्हटलं, तर म्हणाला गुरुवारी, मंगळवार शेजारच्या तालुक्याचा. एवढं शशिकांतरावांनी निमूट दुरुस्त केलं. पण गावांची संख्या? ती त्यांनी सरकारी यादीतून घेतली होती, एकेक गाव मोजून.

"बत्तिसावं कुठलं?"

"युसुफओलुक. माझं."

यादी वरून खाली पाहिली, खालून वर पाहिली. नव्हतं. नकाशात नव्हतं, इंटरनेटवर त्या नावाचा मागमूस नव्हता. एर्दालचं म्हणणं, शेवटचं घर उठलं आणि सरकारने नाव काढून टाकलं, म्हणून काय गाव नाहीसं होतं? शशिकांतरावांचं म्हणणं, पुरावा दाखव, लिहितो. वीस मिनिटं हेच. गालावरचा फेस वाळून खाजायला लागला. बाकावर वाट बघणारा आयरिश म्हातारा "ग्रँड, लॅड्स, ग्रँड" म्हणत उठून चालता झाला.

"अरे बाबा, तू म्हणतोस म्हणून कसं लिहू?" शशिकांतराव वैतागून म्हणाले. "उद्या कोणीही उठेल आणि म्हणेल माझं गाव घाला. संपादक माझ्या सगळ्या नोंदी उडवतील."

एर्दालने आवाज खाली आणला. कोपऱ्यात त्याची अकरा वर्षांची मुलगी एलिफ गृहपाठ करत बसली होती. तिच्याकडे न बघता तो म्हणाला, "हिला शाळेत आजोबांच्या गावाबद्दल लिहायचं होतं. तिने शोधलं. मला म्हणाली, डॅड, असं गावच नाहीये. तू उगाच बनवून सांगतोस."

शशिकांतरावांना वाईट वाटलं, अगदी आतून वाटलं. आणि वाईट वाटलं की ते जास्तच खेकसत.

"नकाशा काढ," ते म्हणाले.

एर्दालने बोटावर फेस घेतला आणि समोरच्या आरशावर नदी काढली, दोन टेकड्या काढल्या, मशीद, शाळा, घरांसाठी ठिपके. शशिकांतरावांचा पारा पुन्हा चढला. उत्तर दिशा कुठे आहे? प्रमाण कुठे आहे? हा नकाशा म्हणायचा की रांगोळी? सगळं पुसायला लावून त्यांनी पुन्हा काढायला लावलं. मग उलटसुलट विचारायला सुरुवात केली. शाळेच्या दारातून कुठली टेकडी दिसते? नदी वळते ते मशिदीच्या अलीकडे की पलीकडे? थोड्या वेळाने तेच प्रश्न फिरवून विचारले. एर्दाल एकदाही अडखळला नाही. काय माणूस आहे बाप्पा, शशिकांतराव मनात म्हणाले, चुकतही नाही.

तोवर त्यांनी फोनवर उपग्रहाचं छायाचित्र उघडलं होतं. ईशान्येकडून येणारी नदी धरून ते वर वर सरकत गेले. नुसता उघडा डोंगर. मग नदी वळली, आरशावर वळली होती तशीच, आणि दोन टेकड्या आल्या. दोन्हींच्या मधे, एर्दालने शाळा काढली होती त्याच जागी, छप्पर नसलेल्या चार भिंती होत्या.

एलिफ कधी येऊन खुर्चीमागे उभी राहिली होती, कोणाला कळलं नाही. तिने एकदा आरसा पाहिला, एकदा फोन. मग त्या भिंतींवर बोट ठेवलं.

"शाळा," एर्दाल म्हणाला. "एकच वर्ग होता."

झक मारली आणि आज दाढीला आलो, असं पुटपुटत शशिकांतरावांनी एकतिसाचे बत्तीस केले, गावाचं नाव घातलं, पुराव्याच्या रकान्यात उपग्रह छायाचित्र असं लिहिलं. आणि फॉर्म अडला. लोकसंख्येचा रकाना. तो रिकामा सोडता येईना, आणि शून्य टाकलं की लाल होई.

"आता तिथे राहतं कोण?" त्यांनी विचारलं.

एर्दाल टॉवेलला हात पुसत राहिला. "एक लिहा."

"एक कोण?"

"मी."

"तू स्वोर्ड्समध्ये राहतोस!" शशिकांतरावांच्या सहनशक्तीची आता अगदी हद्द झाली. "लोकसंख्या म्हणजे तिथे प्रत्यक्ष राहणारी माणसं. शाळेतलं पोर सांगेल."

एलिफने भिंतींवरचं बोट काढलं नव्हतं.

"दोन लिहा," ती म्हणाली.

शशिकांतरावांनी तिच्याकडे पाहिलं, तिच्या बापाकडे पाहिलं. मग चडफडत त्यांनी दोनाचा आकडा दाबला.