बोलका बाजार

"आज मीही येतो बाजारात," नवरा म्हणाला, आणि पिशवीची घडी उलगडता उलगडता ती थांबली.

बावीस वर्षांत तो कधी बाजाराकडे फिरकला नव्हता. आजच कुठून हौस आली? उद्या सकाळी सामानाचा टेम्पो निघणार होता. त्याचा कारखाना दुसऱ्या गावी हलला, म्हणून दोघांनाही हलणं भाग होतं. हा शेवटचा बाजार तिला एकटीने, मनसोक्त करायचा होता. नवरा बरोबर असला की जीव मुठीत धरून चालावं लागणार.

तीन वर्षांपासून तिची नजर जात चालली होती. डॉक्टरांनी हात टेकले होते. आता उरले होते ते नुसते रंगांचे डाग. नवऱ्याला तिने पत्ता लागू दिला नव्हता. तो मुळातच घोर लावून घेणारा, स्वच्छ उन्हातही छत्री घेऊन निघणारा. कळलं असतं तर त्याने तिला दाराबाहेर पाऊल टाकू दिलं नसतं. घरातल्या प्रत्येक वस्तूची जागा तिला पाठ होती. पण आठवडाभर खोकी भरणं चाललं होतं, आणि काल ती एका खोक्यावर आपटली. "झोपेत होते," म्हणाली. त्याने नुसतं खोकं भिंतीकडे सरकवलं. तसाही तो बोलण्यात कंजूषच.

बाजाराच्या कोपऱ्यावर लिंबूवाला खड्या आवाजात ओरडला. म्हणजे इथून डावीकडे. बारा पावलांवर धारवाल्याचं चाक करकरलं. तिथे नळाचं पाणी सांडलेलं असतं, जरा कडेने जायचं. मग अंडीवाल्या मावशी. तीन वर्षांपूर्वी त्यांच्या ट्रेला तिचा पाय लागून दोन डझन अंडी फुटली होती. "घाईत होते हो," अशी सारवासारव करून ती निसटली होती. आता मावशी लांबूनच हाळी द्यायच्या, "अंडीऽऽ! ताजी अंडीऽऽ!"

असा बोलका बाजार दुसरीकडे कुठे मिळणार? तिने पेरूचा वास घेतला, एक फोड खाल्ली. कांदेवाल्याला नेहमीसारखं छेडलं, "कांदे आहेत की गोट्या?"

"गोट्याच आहेत ताई. साहेबांना खेळायला न्या!"

ती खळखळून हसली, आणि हसता हसताच धास्तावली. परवापासून नवं गाव. तिथे कोण कुठे बसतं ते पाठ करायलाही आधी डोळे लागतात. नवरा दोन पावलं मागून येत होता. ती एकदाही अडखळली नाही. दोघं बाहेर पडून घराच्या गल्लीपर्यंत आले, तेव्हा कुठे तिने श्वास सोडला.

"छत्री कांदेवाल्याकडे राहिली," तो म्हणाला. "इथेच थांब."

त्याला बराच वेळ लागला.

"मिळाली का हो?"

"हं." त्याने छत्रीचं टोक जमिनीवर टेकवलं. मग म्हणाला, "अगं, बाजार चिडीचूप होता. गिऱ्हाइकं होती, पण ओरडत कुणीच नव्हतं. लिंबूवाला पेपर वाचत बसलेला. धारवाल्याचं चाकही बंद. मी विचारलं, आत्ता तर एवढा गलका होता? तर अंडीवाल्या मावशी म्हणाल्या, 'आता कशाला घसा फोडायचा? ताई गेल्या ना घरी.'"

तिने पिशवी घट्ट धरली. तीन वर्षं ती सगळ्यांच्या डोळ्यांत धूळ फेकतेय असं समजत होती. आता हा घर डोक्यावर घेणार. उद्यापासून घरातच कोंडून घालणार.

त्याने तिच्या हातातली पिशवी घेतली नाही. तिचा हातही धरला नाही. तो दोन पावलं पुढे झाला, खाकरला, आणि घरातही कधी मोठ्याने हाक न मारणारा तो माणूस अख्ख्या गल्लीला ऐकू जाईल असा ओरडला:

"खड्डाऽऽ! डावीकडे खड्डाऽऽ! पुढे पायऱ्या दोनऽऽ!"